चार, मग थेट सहा

इंदूरला आमच्या अंगणात दिवाळीची रांगोळी आत्याच काढायची, ठिपके मोजून, वरून खाली सरकत. एकदा मी हट्ट धरला, मधलं कमळ मोठं कर म्हणून. चिमूट तशीच हवेत धरून ती म्हणाली, “आणि कडेचे मोर कुठे पाठवू?”

नेटस्केप हा ब्राउझर चौथ्या आवृत्तीवरून थेट सहाव्यावर का गेला? नेटस्केप ४ची अडचण नेमकी हीच होती. पानावर काय कुठे बसेल हे ठरवणारं त्याचं लेआउट इंजिन रांगोळीच्या चालीचं: एकदा मांडलं की मांडलं. नुसता विंडोचा आकार बदलला तरी मांडणी विस्कटायची. १९९४ साली, नेटस्केप कंपनी निघाली तेव्हा, ते खपून गेलं. पानं म्हणजे मजकूर आणि चित्रं, दुसरं असायचं काय? पुढे पानाचे रंग, अक्षरं, मांडणी ठरवणारं सीएसएस आलं. तेही चौथ्या आवृत्तीत असं ठिगळ लावून बसवलेलं, की जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातल्या स्क्रिप्टची भाषा, बंद केली की सीएसएसही गुल. ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमचं, म्हणजे पानाच्या तुकड्यांना स्क्रिप्टने हात कसा लावायचा याचं, प्रमाण ठरलं. पान समोर उघडं असतानाच स्क्रिप्टने त्यातला कुठलाही तुकडा बदलावा आणि बाकीच्यांनी सरकून जागा द्यावी, अशी आता अपेक्षा. म्हणजे पंगतच की! उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी सगळी ओळ वीतभर सरकते, तशी.

रांगोळीची पंगत कशी करणार?

पाचव्या आवृत्तीचा सोर्स कोड नेटस्केपने ३१ मार्च १९९८ला सगळ्यांसाठी खुला केला होता. सात महिन्यांत तो बाजूला पडला. ‘मरिनर’ नावाने चाललेली जुन्या इंजिनाची डागडुजी थांबली आणि नवं इंजिन घ्यायचं ठरलं. तेच पुढे गेको.

इथपर्यंतचा निर्णय मला पटतो. पण मंडळी इंजिनावर थांबली नाहीत. बटणं, मेनूसुद्धा त्याच इंजिनाने आखायचे ठरले, मेलचा भागही नव्याने. तोवर मार्च १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ येऊन गेला, तोही फुकट. नेटस्केप ६ उगवला नोव्हेंबर २०००मध्ये: जड, संथ, अर्धाकच्चा. बाजार हातचा गेला होता. गेकोचे दिवस आले ते २००४ साली, फायरफॉक्स १.० मधून.

पाच मात्र बाजारात आलाच नाही. तरी आज क्रोम घ्या की सफारी, संकेतस्थळाच्या दारात उभा राहिलेला ब्राउझर स्वतःची ओळख सांगताना सुरुवात करतो ती नेटस्केपच्या जुन्या टोपणनावाने, ‘मोझिला/५.०’ अशीच.