मुदत ठेवीच्या पावतीमागचे पाच लाख

मुदत ठेव करायला गेलं की बोलणं व्याजदरावर सुरू होतं आणि तिथेच संपतं. दर किती, व्याज तिमाही घ्यायचं की मुदत संपल्यावर एकदम. बँकच बुडाली तर काय, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. खरं तर मुदत ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्जच. ते पैसे तिजोरीत पडून नसतात. बँक ते पुढे कर्जाऊ देते आणि त्यातून आपलं व्याज निघतं. म्हणूनच सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले, तर चांगल्या बँकेचीही रोकड संपते.

१९६० साली दोन बँका बुडाल्या, केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक. आयुष्यभराची पुंजी अडकल्यावर माणसाची काय अवस्था होते, ते तेव्हा सरकारला दिसलं. १९६१ मध्ये ठेव विम्याचा, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळण्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून हा विमा देणारं महामंडळ सुरू झालं. अमेरिकेनंतर देशभर असा विमा आणणारा भारत दुसरा देश होता. सुरुवातीचं संरक्षण होतं दीड हजार रुपये. सहकारी बँकांना विमा लागू करायची दुरुस्ती १९६८ ची. गावोगावी सहकारी बँका असलेल्या महाराष्ट्रासाठी ती फार मोलाची ठरली.

मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १९९३ मध्ये एक लाखावर गेली, आणि पुढची जवळपास २७ वर्षं तिथेच थांबली. या काळात महागाई कुठल्या कुठे गेली. निवृत्तीची रक्कम ठेवीत ठेवणाऱ्यांवर हा अन्याय होता, असं मला ठामपणे वाटतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. मुंबईत शाखांबाहेर ठेवीदारांचा आक्रोश सुरू झाला. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीमुळे बँकेवर असे निर्बंध आले, तर विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत द्यायचं बंधनही आलं. आधी बँक अवसायनात निघेपर्यंत, म्हणजे ती कायमची बंद करून तिची देणी मिटवायला घेईपर्यंत, वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची.

हे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून आहेत. एकाच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या केल्या, तरी एका नावावरच्या सगळ्या ठेवी एकत्रच मोजतात. बचत खातंही त्यातच. वेगळ्या बँकेतली ठेव मात्र वेगळी धरतात. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही करावं लागत नाही.

पतसंस्थांतल्या ठेवींना हा विमा नाही. दोन टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून तिथे पैसे ठेवणाऱ्या घरांत ही गोष्ट आधी सांगायला हवी.