शट डाउन केलंत, रीस्टार्ट नाही

‘बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच.’ नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसातून फोन येवो की ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, हे वाक्य ठरलेलं. मी विचारतो, रीस्टार्ट मारला का? ‘अहो, तेच तर केलं!’ इथेच घोळ आहे.

रीस्टार्टचं थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. मशीन दिवसभर चाललं की एखादा प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत देत नाही, प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रिंटरशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट बघत बसतो, वायफाय मध्येच लटकतं. रीस्टार्ट ते सगळं फेकून देतो आणि विंडोज पहिल्यापासून लोड करतो. नेमकं कुठे अडलं होतं हे शोधावंच लागत नाही, म्हणून हा उपाय इतक्या वेळा लागू पडतो.

विंडोज ७ पर्यंत शट डाउनही हेच करायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘फास्ट स्टार्टअप’ आलं आणि तिथून गणित बदललं. १० आणि ११ मध्येही बहुतेक मशीनवर ते आधीपासून चालूच असतं. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग आउट होता. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्यासोबत ड्रायव्हर, आहेत त्या अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की तीच फाइल वाचून मशीन उठतं. जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराने शटर ओढलं, पण आतला पसारा तसाच ठेवला, तसं. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टला ही सवलत नाही. तो प्रत्येक वेळी नव्यानेच सुरुवात करतो.

पटत नसेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री इमानाने शट डाउन करणाऱ्यांचाही आकडा कित्येक दिवसांचा निघतो.

यावर काहींचा तोडगा म्हणजे शट डाउननंतर भिंतीवरचं बटणही बंद करायचं आणि चहा पिऊन यायचं. राउटरला हे औषध चालतं. कॉम्प्युटरला नाही, कारण ती फाइल डिस्कवर आहे आणि डिस्कला वीज गेल्याने काही विसरायला होत नाही. उलटी गंमत अशी, की डेस्कटॉप चालू असताना कळव्यात वीज गेली आणि आल्यावर प्रिंटर सुरळीत चालू लागला, असं होऊ शकतं. तेव्हा गाभा लिहून ठेवायला सवडच मिळालेली नसते. पण म्हणून मुद्दाम प्लग ओढू नका. सेव्ह न केलेलं काम जाईल, फाइलीही बिघडू शकतात.

शट डाउनच हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, मग ते पूर्ण होतं. माझं मत विचाराल तर एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, असलेल्या मशीनवर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढूनच टाका. चार-दोन सेकंदांच्या बचतीसाठी हा ताप कशाला?

स्लीप आणि हायबरनेट या चर्चेत आणूच नका. दोन्हींत सगळं जसंच्या तसं राखून ठेवणं हाच हेतू असतो, त्यामुळे दुरुस्तीशी त्यांचा संबंध नाही.

आणि तो डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश करण्याचा जप कृपा करून थांबवा. त्याने फक्त आयकॉन पुन्हा काढले जातात. मेमरीचा एक कणही मोकळा होत नाही.

रीस्टार्टने बरं झालेलं दुखणं रोज त्याच वेळी परतत असेल, तर मात्र रोज रीस्टार्ट मारत बसू नका. ड्रायव्हर बदला, नुकतं काय इन्स्टॉल केलं ते आठवा, डिस्क तपासून घ्या. आणि हो, तपासण्याआधी बॅकअप घ्या.