ऐरणीचं पाणी

गंजलेली जुनी ऐरण मिळाली की पहिला हात ग्राइंडरकडे जातो. कृपा करून तो आवरा. गंज भीतीदायक दिसला तरी बहुधा वरवरचाच असतो. ऐरणीचा जीव असतो तिच्या माथ्यात. कित्येक जुन्या ऐरणींचं धड मऊ लोखंडाचं असून त्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीची पोलादी पाटी भट्टीत तापवून, ठोकून सांधलेली असते. लाल तापलेल्या पोलादाला पाणी दिलं, म्हणजे ते झटकन थंड केलं, की कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये अडकून बसतात, थर सरकू देत नाहीत आणि माथा कडक होतो.

हे पाणी, म्हणजे हा कडकपणा, शाबूत आहे का, ते बेअरिंगमधली गोळी सांगते. माथ्याची छोटीशी जागा स्वच्छ करून तिथे ती 25 सेंटिमीटरवरून सोडा. मऊ धातूवर ती जेमतेम उडते, कारण तिची ऊर्जा बारीकसा खड्डा पाडण्यातच संपते. कडक माथा मात्र स्प्रिंगसारखा दबून वर येतो आणि गोळी टणकन 20 सेंटिमीटरपर्यंत परतते. हीच उसळी लोहाराचा हातोडा अर्धा उचलून देते. आगीत सापडलेल्या ऐरणीत ती उरत नाही.

म्हणून गंजाचे खड्डे घालवायला माथा दोन मिलिमीटर घासला, तर तेवढं पोलाद कायमचं गेलं. घासताना धातू निळा पडला, तर तिथलं तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं आणि पाणी उतरलं. खड्डे राहू द्या. त्यांच्यासकट काम छान होतं.

गंज काढायला मला वीज आवडते. टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक ऐरणीला, धन टोक भंगार लोखंडाला. स्टेनलेस स्टील तिथे नकोच, त्यातून विषारी क्रोमियम उतरतं. ऐरणीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तांबडा गंज काळा पडून सुटतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा हे काम उघड्यावरच करा.

मग तारेचा ब्रश फिरवताना कुशीवर आकडे उमटू लागतात. इंग्लंडमध्ये घडलेल्या जुन्या ऐरणीवर 1 2 10 दिसलं, तर ते वजन आहे: पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे 178 पौंड, सुमारे 81 किलो.

ऐरण कोरडी होताच जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट पापुद्रा धरतं. त्या क्रियेत उष्णता निघते, त्यामुळे तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, आपोआप पेटू शकतं. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.