रंगांच्या मधली पांढरी रेघ आणि ट्रॅपिंग

इमेज ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) ठेवली की छपाई शार्प येणारच असं खूप जण धरून चालतात. मग निळ्या बॅकग्राउंडवरच्या पिवळ्या अक्षरांच्या एका कडेला बारीक पांढरी रेघ आली की परत रिझोल्यूशनच वाढवत बसतात, पण त्या रेघेचा रिझोल्यूशनशी काहीच संबंध नाही.

ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या नेहमीच्या छपाईत, सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो, ब्लॅक या चार शाया चार वेगळ्या प्लेट्सवरून एकामागून एक कागदावर बसतात आणि तेवढ्या वेळात कागद जसाच्या तसा राहत नाही. प्लेटला लावलेलं पाणी थोडं कागदात उतरतं, सेल्युलोजचे तंतू ओले झाले की लांबीला फारसे वाढत नाहीत पण जाडीला फुगतात, म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि पुढचा रंग केसभर बाजूला पडतो. ‘एका क्लिकवर प्रिंट-रेडी’ अशा जाहिराती खूप दिसतात, पण कागदाचं फुगणं कुठल्याच सॉफ्टवेअरला थांबवता येत नाही.

आता पिवळं अक्षर निळ्यावर ठेवलं की सॉफ्टवेअर सायनच्या प्लेटमध्ये त्याच आकाराची रिकामी जागा सोडतं, हा नॉकआउट. तो नसता तर अक्षर हिरवं झालं असतं. पण प्लेट जराशी सरकली की एका बाजूला कोरा कागद उघडा पडतो. यावर उपाय म्हणजे दोन रंग मुद्दाम एकमेकांवर थोडे चढवायचे, साधारण ०.२५ पॉइंट म्हणजे जेमतेम ०.०९ मिलिमीटर, आणि यालाच ट्रॅपिंग म्हणतात.

पण कोणी कोणावर चढायचं? मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच. आपला डोळा वस्तूची कड मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून पकडतो, नुसत्या रंगातले बारीक फरक त्याला तितके नीट दिसत नाहीत (जेपीईजीमध्ये रंगाची माहिती कमी करूनही फोटो चांगला दिसतो तो यामुळेच). म्हणजे आकार ठरवतो गडद रंग, त्याची कड हलवायची नाही, फिकट रंग त्याच्यात सरकवायचा. फिकट-गडद ठरतं न्यूट्रल डेन्सिटीवरून, म्हणजे शाई किती गडद आहे हे सांगणाऱ्या आकड्यावरून, अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचे आकडे यलो ०.१६, सायन ०.६१, मॅजेंटा ०.७६, ब्लॅक १.७० असे असतात. पिवळं सायनमध्ये सरकलं की मध्ये हिरवी रेघ तयार होते, पण ती सायनइतकीच किंवा जास्तच गडद असल्याने डोळा तिला बॅकग्राउंडमध्येच धरतो. वस्तू फिकट असेल तर ती फुगवायची, तो स्प्रेड. बॅकग्राउंड फिकट असेल तर ते वस्तूच्या आत सरकवायचं, तो चोक.

शेजारच्या दोन रंगांत एक शाई भरपूर कॉमन असेल, उदा. जांभळा आणि निळा, तर ट्रॅप लागतच नाही, कारण प्लेट सरकली तरी फटीत सायन असतोच.

बारीक काळा मजकूर फक्त १०० टक्के ब्लॅकमध्ये ठेवा आणि ओव्हरप्रिंट करा, म्हणजे खाली नॉकआउट न करता थेट खालच्या रंगावरच छापा. चार रंगांचा काळा वापरला तर चारही प्लेट्स तंतोतंत बसायला हव्यात, आणि लहान टाइपात तसं क्वचितच होतं. पांढऱ्या अक्षरांना मात्र चुकूनही ओव्हरप्रिंट लावू नका, पांढरी शाई या चारांत नाहीच त्यामुळे ती छपाईत सरळ गायब होतात, फाइल पाठवण्याआधी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून बघितलं की हे लगेच कळतं. आणि ट्रॅपिंग हाताने करायच्या आधी प्रेसला विचारा, बऱ्याच ठिकाणी ते रिपमध्येच (फाइलवरून प्लेटसाठीची इमेज बनवणाऱ्या प्रेसच्या सॉफ्टवेअरमध्ये) होतं आणि तुमच्या ट्रॅपवर परत ट्रॅप चढला की कडा जाड, मळकट दिसतात.