सुरवंटाच्या आधीची चाळीस वर्षे

अमेरिकेतील ‘वर्ल्ड पब्लिशिंग’ या संस्थेने १९६९ च्या जून महिन्यात ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (फार भुकेला सुरवंट) हे छोटेखानी चित्रपुस्तक बाजारात आणले, तेव्हा त्याचे लेखक-चित्रकार एरिक कार्ल चाळिशीच्या उंबरठ्यावर उभे होते. पुढे साठांहून अधिक भाषांत गेलेल्या आणि पाच कोटींहून अधिक प्रती खपलेल्या या पुस्तकाविषयी बोलताना एक गोष्ट बहुधा राहून जाते. कार्ल यांनी उमेदीची पंधरा-सोळा वर्षे वर्तमानपत्राच्या आणि जाहिरात संस्थेच्या नोकरीत व त्यानंतरच्या स्वतंत्र व्यवसायात घालवली होती आणि बालपुस्तकांचा विचार त्यांच्या मनात फार उशिरा आला. मात्र हा उशीर वाया गेला असे मला वाटत नाही. त्या पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक युक्तीचे मूळ त्यांच्या आधीच्या आयुष्यात सापडते.

कार्ल यांचा जन्म २५ जून १९२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे, जर्मनीहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. तेथील बालवर्गाची त्यांची आठवण अगदी नेमकी होती: उन्हाने भरलेली खोली, मोठाले कागद, रंगांची भांडी आणि जाड कुंचले. हा मुलगा चित्रे चांगली काढतो, त्याला प्रोत्साहन द्या, असे शिक्षिकेने आईला मुद्दाम बोलावून सांगितले होते. पुढे आईला माहेरची ओढ लागली आणि १९३५ मध्ये हे कुटुंब जर्मनीतील श्टुटगार्टला परतले. सहा वर्षांच्या एरिकला तेथे अरुंद खिडक्यांची शाळा, लहानसा कागद, टोकदार पेन्सिल आणि पट्टी मिळाली, शिवाय चूक करायची नाही अशी ताकीदही. सुरुवातीच्याच दिवसांत हातांवर छडीचे फटके बसले. आपण घरी कधी जाणार, असे तो विचारी, आणि आता परत जायचे नाही हे कळल्यावर मोठेपणी पूल बांधणारा होऊन जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत पूल बांधायचा, असे त्याने ठरवून टाकले. घर आणि शाळा यांच्यामधील हे अंतर कार्ल आयुष्यभर विसरले नाहीत. आपली पुस्तके या अंतरावरचा पूल व्हावीत, असे ते पुढे वारंवार सांगत.

वडिलांचा हात धरून केलेली रानातील भटकंती ही त्या काळातली सुखाची बाजू होती. वडील दगड उचलून किंवा झाडाची साल सोडवून खालचे किडे-मुंग्या मुलाला दाखवत, त्यांच्याविषयी सांगत आणि मग तो जीव अलगद त्याच्या जागी परत ठेवत. महायुद्ध सुरू झाले तसे वडिलांना सैन्यात जावे लागले. पुढे ते रशियनांच्या कैदेत अडकले आणि १९४७ मध्ये घरी परतले तेव्हा त्यांचे वजन जेमतेम ८५ पौंड, म्हणजे अडतीस-एकोणचाळीस किलो उरले होते. एरिकलाही पंधराव्या वर्षी सीमेवर खंदक खणण्याच्या कामाला धाडण्यात आले होते. कार्ल यांच्या पुस्तकांतील कोळी, भुंगे, रातकिडे आणि सुरवंट हे मुलांना आवडतात म्हणून निवडलेले प्राणी नव्हेत. त्या हरवलेल्या फेरफटक्यांचा शोध त्यांत आहे, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलेले आहे.

या वाटेवरील दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे शाळेतील चित्रकलेचे शिक्षक, श्री. क्राउस. नाझी राजवटीत आधुनिक चित्रकलेवर ‘अधःपतित कला’ असा शिक्का मारून ती संग्रहालयांतून हटवण्यात आली होती, आणि शाळांत हुबेहूब चित्रणाचाच आग्रह धरला जाई. क्राउस यांनी बारा-तेरा वर्षांच्या एरिकला आपल्या घरी बोलावले आणि पिकासो, मातीस, क्ले यांच्यासारख्या चित्रकारांच्या बंदी असलेल्या चित्रांच्या प्रतिकृती जपून ठेवलेल्या पेटीतून काढून त्याच्यासमोर मांडल्या. हे कोणाला सांगू नकोस, असेही बजावले. असल्या वाकड्यातिकड्या आकारांनी आणि भलत्याच रंगांनी मुलगा प्रथम हबकलाच, पण ती चित्रे डोळ्यांपुढून गेली नाहीत. एका शिक्षकाने स्वतःची नोकरी, कदाचित त्याहूनही अधिक काही, पणाला लावून एका मुलाला दिलेला तो अर्धा तास मला या सगळ्या हकिगतीतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कार्ल यांनी २०११ मध्ये निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकारावर एक पुस्तक काढले आणि त्या दुपारचे ऋण मान्य केले.

युद्धानंतर श्टुटगार्टच्या कला अकादमीत अक्षररचनाकार एर्न्स्ट श्नाइडलर यांच्या हाताखाली त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. १९५२ मध्ये चाळीस डॉलर खिशात घालून ते न्यूयॉर्कला पोहोचले. ‘फॉर्च्यून’ मासिकाचे कलादिग्दर्शक लिओ लिओनी यांना त्यांनी आपल्या कामाचे बाड दाखवले, आणि लिओनींच्या मदतीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या प्रसिद्धी विभागात त्यांना संकल्पनकाराची नोकरी मिळाली. हेच लिओनी १९५९ मध्ये, आगगाडीत कंटाळलेल्या नातवंडांना फाडलेल्या कागदांच्या तुकड्यांतून गोष्ट सांगता सांगता, स्वतः बालपुस्तकांकडे वळले. जाहिरात आणि मासिके यांच्या दुनियेतील कसलेली माणसे त्या काळात मुलांच्या पुस्तकांकडे येऊ लागली होती. १९६५ च्या शिक्षण कायद्यामुळे अमेरिकेतील शाळांच्या ग्रंथालयांना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, आणि चित्रपुस्तकांची मागणी वाढण्याचे तेही एक मोठे कारण होते.

अमेरिकेच्या सैन्यातील सक्तीची नोकरी आटोपून कार्ल परतले, काही वर्षांनी औषधांच्या जाहिराती करणाऱ्या संस्थेत कलादिग्दर्शक झाले आणि १९६३ च्या सुमारास नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू लागले. त्यांनी एका औषधाच्या जाहिरातीसाठी कागद कापून, चिकटवून केलेले लाल शेवंडाचे चित्र शिक्षणतज्ज्ञ आणि लेखक बिल मार्टिन ज्युनियर यांच्या पाहण्यात आले. त्यांनी आपल्या ‘ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?’ या मजकुराला चित्रे काढण्यासाठी कार्ल यांनाच गाठले. पुस्तक १९६७ मध्ये निघाले. त्या कामाला बसताना सिरॅक्यूजच्या वर्गातील मोठे कागद आणि जाड कुंचले आपल्याला एकदम आठवले, असे कार्ल यांनी लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी प्राणिसंग्रहालयाला निघालेल्या आगगाडीवरचे, अंक शिकवणारे पुस्तक त्यांनी एकट्याने केले.

सुरवंटाची गोष्ट मुळात सुरवंटाची नव्हतीच. एकदा कार्ल कागदांच्या गठ्ठ्याला कार्यालयातील साध्या पंचिंग यंत्राने भोके पाडत बसले होते. त्या भोकांकडे पाहून त्यांना पुस्तकात शिरलेली कसर आठवली, आणि विली नावाच्या एका किड्याच्या आठवड्याची गोष्ट त्यांनी रचली. संपादिका अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा काही पटेना. त्यांनी सुरवंट सुचवला, आणि कार्ल यांच्या तोंडून लगेच शब्द निघाला, ‘फुलपाखरू!’ शेवट त्या एका शब्दात सापडला होता.

खरी अडचण छापखान्याची होती. सोमवारचे एक सफरचंद, मंगळवारची दोन नाशपाती, बुधवारची तीन आलुबुखारे, गुरुवारच्या चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारची पाच संत्री अशी पाने एकेक करून रुंद होत जातात. एकीकडून गिनती वाढते, तर दुसरीकडून पान वाढते, आणि प्रत्येक फळाच्या मधोमध मुलाचे बोट जाईल एवढे गोल भोक असते. वेगवेगळ्या रुंदीची पाने आणि त्यांतील डायपंचिंग परवडेल अशा खर्चात करून देणारा मुद्रक अमेरिकेत मिळेना, म्हणून बेनेड्यूस यांनी जपानमधील एका प्रकाशकाच्या मदतीने तेथे छपाई करून घेतली. इंग्रजी मजकूर अवघ्या २२४ शब्दांचा आहे. शनिवारी सुरवंट केक, आइस्क्रीम, सलामी, कलिंगड असे दहा पदार्थ खातो, पोट दुखते, आणि रविवारी एका हिरव्या पानाने बरे वाटते. युद्धकाळातील उपासमार पाहिलेल्या माणसाने ते शनिवारचे पान रंगवले, हे लक्षात ठेवून ते पाहावे.

इंग्रजी वाचकांनी या पुस्तकाची एक चूक वर्षानुवर्षे काढली: फुलपाखरू ‘ककून’मधून, म्हणजे धाग्यांनी विणलेल्या कोशातून, निघत नाही, ‘क्रिसॅलिस’मधून, म्हणजे टणक सालीच्या कोशातून, निघते, आणि कार्ल यांनी तर ‘ककून’ लिहिले. त्यांचे उत्तर असे की लाजऱ्या एरिकला वडील ‘ककूनमधून बाहेर ये’ असेच म्हणत. मराठीत रेशमाच्या किड्याचा तो कोश आणि फुलपाखराचाही कोशच, त्यामुळे ही गोष्ट आपल्या भाषेत सांगताना हा वाद मुळी उद्भवत नाही.

चित्रांचे तंत्रही असेच सावकाश घडले. सुरुवातीला कार्ल दुकानातून रंगीत टिश्यू कागद आणत. हा आपल्याकडे आकाशकंदिलाला लावतात तसा पातळ कागद असे. त्याचे आकार कापून ते वॉलपेपरच्या खळीने चिकटवत. काही वर्षांनी हे रंग उडतात असे दिसून आले, तेव्हा पांढरा टिश्यू आणून ते स्वतःच त्यावर ॲक्रिलिक रंगांचे फटकारे, ठिपके, ओरखडे मारू लागले आणि वाळलेले कागद रंगांप्रमाणे वेगळ्या खणांत ठेवू लागले. ‘ब्राउन बेअर’ची चित्रे त्यांनी पुढे नव्याने केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅमहर्स्ट येथे पत्नी बार्बरा यांच्यासह २००२ मध्ये त्यांनी चित्रपुस्तकांतील मूळ चित्रांचे संग्रहालय उभे केले, ते जपानमधील अशी संग्रहालये पाहून. तेथे भिंतींवरच्या चित्रांबरोबर मुलांना स्वतः कागद-रंग घेऊन बसण्यासाठी एक चित्रशाळाही आहे. कार्ल २३ मे २०२१ रोजी वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी गेले.