ठासणीच्या पिस्तुलातील बाराची चाचणी

ठासणीच्या पिस्तुलात काडतूस नसते. दारू आणि कापडाच्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी नळीच्या तोंडाकडून भरून गजाने ठासावी लागते, त्यामुळे प्रत्येक बार नेमबाजाच्या हातून घडतो. कोणत्या बाराने गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ पडतात, हे कागदी लक्ष्यावर पडताळून पाहणे म्हणजे बाराची चाचणी. आंतरराष्ट्रीय सामन्यांत हे पिस्तूल 25 मीटरवरून चालवतात. 30 मिनिटांत 13 बार काढायचे आणि त्यांतले सर्वोत्तम 10 धरायचे, असा नियम आहे. चाचणीही बहुधा याच अंतरावर घेतात.

दारू काळीच हवी. धूरविरहित दारूच्या दाबाने नळी फुटू शकते. दारू ग्रेनमध्ये मोजतात (1 ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम). पिस्तूल बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान मापापासून सुरुवात करून ते थोडे थोडे वाढवतात. कमाल मर्यादा ओलांडायची नाही. जास्त दारू म्हणजे जास्त अचूकता हा समज खोटा आहे. बहुतेक पिस्तुले सौम्य बारावरच उत्तम चालतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी: दारूचे माप, गोळीचा व्यास, चिंधीची जाडी किंवा तिला लावलेले वंगण. हाताची थरथर बाराच्या माथी येऊ नये म्हणून मनगट टेकवून पिस्तूल झाडावे. तीन गोळ्यांचा पुंजका (लक्ष्यावर जवळजवळ पडलेली भोके) फसवा असतो. निदान पाच हव्यात, आणि निकाल दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळायला हवा. हलक्या बाराची गोळी नळीतून उशिरा सुटते, तोवर धक्क्याने तोंड वर उचललेले असते. म्हणून ती बरेचदा वर लागते. पुंजका कुठे पडला यापेक्षा तो किती आवळ आहे हे पाहावे. नेम नंतर जुळवता येतो.

सर्वांत जास्त माहिती देते ती पुढे उडून पडलेली चिंधी. गोळीबार थांबल्यावर ती जरूर शोधावी. मधोमध जळली असेल तर वंगण कमी पडले किंवा गोळी सैल बसली. कडेने चिरली असेल तर नळीतील आट्यांच्या (आतून कोरलेल्या नागमोडी खाचांच्या) कडा धारदार आहेत. चांगली चिंधी मळलेली पण अखंड मिळते. काजळीचा परिणामही मोठा असतो, म्हणून नळी पुसायची तर प्रत्येक बारानंतर सारखीच पुसावी.

गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे; मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगते किंवा फाटते. गोळी पूर्ण बसल्यावर गज किती आत जातो हे कळावे म्हणून त्यावर खूण करतात, आणि दारूचे माप बदलले की ती खूण नव्याने करावी लागते.