जुन्या बंबाच्या जागी नवा बंब घ्यायचाय? नगरपरिषदेची फाइल कुठून सुरू होते आणि कागद कोणते लागतात

परवा रात्री एका पोराचा फोन आला. जिल्ह्यातल्याच एका नगरपंचायतीत कारकून म्हणून नवीन लागलाय, साहेबांनी टेबलावर 'अग्निशमन वाहन' लिहिलेली एक पातळशी फाइल टाकली आणि म्हणाले बघ जरा हे. त्याचा प्रश्न, "काका, बंबाच्या अर्जाचा फॉर्म कुठे मिळतो?" अरे बाबा फॉर्म नसतोच, प्रस्ताव असतो, आणि तो निधीपासून नाही, शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाडीपासून सुरू होतो. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत लेखा विभागात नोकरी काढली, बंबाची एक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताखालून गेलीये, आता ऐरोलीला मुलाकडे असतो आणि वेळच वेळ आहे, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी जुन्या गाडीचं. पूर्वी बंब वीस-बावीस वर्षं ओढायचे, कंडम करायची घाई कुणालाच नसायची. आता तसं चालत नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ५२-अ लागू झालाय, त्यानुसार सरकारी गाडीला नोंदणीपासून पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण होत नाही, आणि सरकारी म्हणजे मंत्रालयाच्याच नाही, महापालिका, नगरपरिषदा, पंचायती सगळ्यांच्या गाड्या त्यात येतात. सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना. बंबाचं नाव त्यात नाही. बरेच जण म्हणतात आमची गाडी फक्त बारा हजार किलोमीटर चाललीये, इंजिन नव्यासारखं आहे. असेल ना, बंब उभा राहूनच काम करतो, किलोमीटरवर त्याचं वय कळत नाही, पण नियम तारीख बघतो. आणि आरसी गेल्यावर ती गाडी कॉलवर काढली आणि वाटेत कुणाला लागलं तर इन्शुरन्सवाला हात वर करणार हे धरूनच चाला. म्हणून गाडीला चौदावं वर्ष लागलं की फाइल उघडायची, पंधरावं संपायची वाट बघायची नाही.

जुन्या गाडीचे कागद म्हणजे आरसीची प्रत, इन्शुरन्स, लॉगबुक, गेल्या काही वर्षांचा दुरुस्तीचा खर्च वर्षवार, जडवस्तू नोंदवहीतला (डेड स्टॉक रजिस्टर) उतारा, आणि यांत्रिकी अभियंता किंवा आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा पाहणी अहवाल. यावर सभेत निर्लेखनाचा, म्हणजे गाडी वापरातून आणि नोंदवहीतून बाद करण्याचा, ठराव होतो. पाहणी अहवालात 'वाहन जुने झाले आहे' एवढंच लिहून आणू नका, तसल्या अहवालावर वरून शेरा येतोच. आमच्याकडे ड्रायव्हर मामांनी निरीक्षकांना गाडीजवळ नेलं आणि काही न बोलता पंप लावून दाखवला. सक्शन होज टाकीत सोडला, पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला जोडणारा गिअर) टाकला, प्रायमिंग (पंपातली हवा काढून पाणी ओढणं) करत राहिले, गेजचा काटा हलेना, पंपाच्या ग्लँडमधून पाण्याची धार थेट मामांच्या बुटावर. टाकीच्या तळाला एम-सीलचे सात-आठ ठिगळं, मामांनी प्रत्येकावर खडूने महिना लिहून ठेवलेला. निरीक्षकांनी तेच तसंच्या तसं अहवालात लिहिलं आणि त्या अहवालावर पुढे कुणीही प्रश्न काढला नाही.

पण फाइल परत आलीच, कारण वेगळं. ठरावात चेसिस नंबरचा शेवटचा आकडा चुकला होता, ३ च्या जागी ८. टाइप मीच केलेला. पुन्हा सभा, पुन्हा विषयपत्रिका, पुन्हा सही, दोन महिने गेले, आणि तोवर मार्च उलटला. तेव्हा आरसी समोर ठेवा आणि एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टिक करायचं.

निर्लेखन झाल्यावर गाडी भंगारवाल्याला द्यायची नाही, नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरलाच द्यायची. तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते सांभाळून ठेवा, नवीन गाडीच्या नोंदणी शुल्कात त्याची सवलत मिळते. फक्त गाडी पाठवायच्या आधी तिच्यावरचं सामान उतरवून घ्या, शिडी, ब्रांच (होजच्या तोंडाची नळी), चांगले होज, सगळं यादी करून स्टोअरला जमा. आमच्या एका शेजारच्या गावात शिडीसकट गाडी गेली होती, नंतर ऑडिटला ती शिडी कित्येक वर्षं शोधत होते.

आता पात्रता. आग विझवणं हे नगरपरिषदेचं कर्तव्यच आहे, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ४९ मध्ये आहे, आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा आहे, त्यामुळे 'तुम्हाला बंब कशाला' असं कुणी विचारत नाही. विचारतात ते 'किती आणि कुठला'. त्यासाठी स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष कामाला येतो, तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर ५० हजारांमागे एक पंपिंग युनिट म्हणजे पंपवाली गाडी, आणि शहरात पोहोचायचा वेळ पाच ते सात मिनिटं. कुळगाव-बदलापूर २०११ च्या जनगणनेतच १,७४,२२६ होतं, म्हणजे हिशोबाने चार युनिट. तुमच्या गावचा असाच साधा हिशोब पहिल्या पानावर मांडा, सोबत गेल्या तीन वर्षांचं कॉल रजिस्टर, कितीदा शेजारच्या शहराचा किंवा एमआयडीसीचा बंब बोलवावा लागला ते तारखेसकट. ज्यांच्या हद्दीला कारखाने लागून आहेत त्यांनी ते नकाशावर दाखवाच, २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात जो स्फोट झाला त्यानंतर हा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

याशिवाय शेड आहे का आणि नवीन गाडी तिच्यात उंचीला बसते का (हसू नका, मोजा), पाणी भरायची सोय कुठे आहे, आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) चालक आणि फायरमनची पदं मंजूर आहेत का, त्यातली भरलेली किती आणि प्रशिक्षित किती. पदं रिकामी असतील तर लपवू नका, कंत्राटी माणसं असतील तर त्यांची प्रमाणपत्रं जोडा.

पैसा कुठून येतो? मार्ग तीन-चार आहेत आणि एकाच वेळी सगळीकडे प्रस्ताव टाकायचा मोह होतो, तो आवरा, कारण एकाच गाडीला दोन ठिकाणाहून निधी घेतला असं दिसलं की दोन्ही अडकतात.

छोट्या गावाला सगळ्यात जवळचा मार्ग जिल्हा वार्षिक योजनेचा. त्यात अग्निशमन आणि आणीबाणी सेवा बळकट करण्यासाठीचं लेखाशीर्ष असतं. प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेत, म्हणजे जिल्हा सह आयुक्तांकडे जातो, तिथून जिल्हा नियोजन समितीकडे, जिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. आपल्याकडे हे सगळं ठाण्यात कोर्ट नाक्यावर एकाच आवारात आहे, चकरा मारायला सोयीचं. तांत्रिक बाजूसाठी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा अभिप्राय लागतो, ते सांताक्रूझला विद्यानगरीत. निधी मोठा हवा असेल, म्हणजे गाडीबरोबर केंद्राची इमारतही, तर प्रस्ताव बेलापूरच्या नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत नगर विकास विभागाकडे. पनवेल किंवा नेरूळकडून येणाऱ्याला बेलापूर बरं पडतं, आम्हाला अख्खा दिवस जायचा, पण तिथल्या कँटीनचा वडा चांगला होता हे कबूल.

केंद्राचीही एक योजना निघाली, १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवर ४ जुलै २०२३ ला गृह मंत्रालयाने सुरू केलेली, अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण, एकूण ५,००० कोटींची, मुदत २०२५-२६ पर्यंतची. तिच्यात राज्याचा हिस्सा २५ टक्के. पण नगरपरिषदेने थेट दिल्लीला काही पाठवायचं नसतं, राज्याच्या प्रस्तावात आपलं नाव असावं लागतं, म्हणून अशा वेळी संचालनालयाकडून माहिती मागवणारं पत्र येतं त्याचं उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं. आमच्याकडे असली पत्रं आरोग्य विभागाच्या ट्रेमध्ये पडून राहायची, कारण आवक-जावकवाल्याला 'अग्निशमन' कुणाचं हेच ठरवता यायचं नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, हा चौथा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात, त्यांच्या अनुसूची सात मध्ये आपत्ती व्यवस्थापन आहे, बंब तिच्यात बसवता येतो. अंबरनाथ, बदलापूर, तळोजा पट्ट्यात विचारायला कंपन्या आहेत. मात्र गाडी नगरपरिषदेच्या नावावर, देणगी स्वीकारण्याचा ठराव, आणि डिझेल-दुरुस्ती कोण करणार याचं लेखी, हे तिन्ही आधी. आमदार-खासदार निधीसाठी नियोजन कार्यालयाकडून ही खरेदी मार्गदर्शक सूचनांत बसते असं आधी लेखी घ्या, भाषणात झालेल्या घोषणेवर ठराव करू नका.

स्वहिस्सा, म्हणजे नगरपरिषदेचे स्वतःचे पैसे, लागतोच, किती ते योजनेवर आणि नगरपरिषद अ, ब की क वर्गाची आहे त्यावर. इथे एक गोष्ट लोक विसरतात. २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली बांधकाम परवानगीच्या वेळी अग्निशमन शुल्क घेतलं जातं. टॉवर उभे राहतायत म्हणजे हे पैसे येतायत. ते सर्वसाधारण निधीत मिसळून पगाराला गेले असतील तर काय बोलणार, पण वेगळं खातं असेल तर त्याचा बँक उतारा प्रस्तावाला जोडा, स्वहिस्स्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

प्रस्तावाचा गठ्ठा आता जवळपास झालाच. निर्लेखनाचे कागद, नवीन खरेदीचा वेगळा ठराव (दोन्ही विषय एका ठरावात घालू नका, एकावर आक्षेप आला की दुसराही लटकतो), सभा अस्तित्वात नसेल तर प्रशासकांचा ठराव, लोकसंख्येचा हिशोब, कॉल रजिस्टर, पदांचा तक्ता, शेडचा फोटो मापासकट, स्वहिस्स्याची अर्थसंकल्पातली तरतूद, अंदाजपत्रक, आणि हीच गाडी दुसऱ्या योजनेतून घेतलेली नाही असं मुख्याधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. चार प्रती करा, एक आपल्याकडे ठेवा आणि पानांना नंबर द्या, तिथे फाइल सुटली की पान हरवतं ते नेहमी ठरावाचंच.

अंदाजपत्रकात गाडीचं नुसतं नाव नको, तपशील हवा. बी टाइप वॉटर टेंडर (पाण्याची टाकी असलेला बंब) म्हणजे आयएस ९५० हे भारतीय मानक, टाकी ४,५०० लिटरची. गावात गल्ल्या अरुंद असतील तर मोठ्या टाकीचा हट्ट धरू नका, मोठी गाडी नाक्यावर अडकते आणि मग पोरं शंभर मीटर होज ओढत पळतात. चेसिस एका कंपनीची, वरची बॉडी-पंप दुसऱ्याकडून, असंच असतं, तेव्हा वॉरंटी कुणाची कशावर ते निविदेतच स्पष्ट करा.

प्रशासकीय मान्यता हातात आल्याशिवाय निविदा काढायची नाही. खरेदी १ डिसेंबर २०१६ च्या उद्योग विभागाच्या खरेदी जीआरप्रमाणे, जेमवर (केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल) किंवा महाटेंडर्सवर (राज्याचं निविदांचं पोर्टल) ई-निविदेने, आणि रक्कम मर्यादेखाली आणायला चेसिस वेगळी, पंप वेगळा, शिडी वेगळी असे तुकडे पाडायचे नाहीत, ऑडिट तेच आधी बघतं. बॉडी बनत असताना एकदा तरी कारखान्यात जाऊन बघा आणि ड्रायव्हरला सोबत न्या. आमचे मामा गेले म्हणून कळलं की पंपाचं पॅनल अशा बाजूला बसवलंय की आमच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड येणार.

गाडी आली की कल्याण, ठाणे किंवा वाशी, जे तुमचं आरटीओ असेल तिथे पासिंग, जडवस्तू नोंदवहीत नोंद, फोटो, आणि उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी). ते वेळेत गेलं नाही तर पुढच्या वर्षी रुग्णवाहिका मागायला गेलात तरी आधी बंबाचं यूसी दाखवा म्हणतात.

आणि नवीन गाडी बीएस-६ असणार, तिला डिझेलबरोबर युरियाही लागतो, तो टाकीत संपला की गाडी आधी सूचना देते आणि मग ताकदच कमी करते. डिझेलच्या तरतुदीत युरिया धरलेला नसतो, कारण जुन्या बंबाला तो लागतच नव्हता. आमच्याकडे पहिले तीन कॅन मामांनी स्वतःच्या खिशातून आणले, त्यांचं बिल पास करायला मला पाच महिने लागले.